घाबरलेला माणूस तुमच्या दारात येतो तेव्हा

प्रति,
मुंबईतल्या देवळांचे, मशिदींचे, दर्ग्यांचे आणि चर्चचे सर्व विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

मी माहीमची. १९८९ साली लग्न होऊन इथे आले, तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. शितळादेवीचं देऊळ, मखदूमबाबांचा दर्गा आणि सेंट मायकल चर्च ही तिन्ही आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत आणि वेळोवेळी मी तिन्ही ठिकाणी हात जोडले आहेत. बहुतेक वेळा भीतीपोटीच. म्हणून हे पत्र पोलिसांना किंवा सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. या शहरात काही भयंकर घडलं की माणूस आधी घरी फोन करतो आणि मग तुमच्या दारात येतो. त्या घडीला तुम्ही त्याच्या पदरात काय टाकता, याबद्दल मला बोलायचं आहे.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात आपल्या डोंबिवलीचे तिघे होते. त्या आठवड्यात मी एका देवळात आरतीला गेले होते. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि प्रसाद वाटायच्या आधी एक विश्वस्त माइक घेऊन उभे राहिले. गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या, असं म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, यापुढे भाजी-फळं घेताना आधी नाव विचारत जा. माझ्या शेजारी आमच्याच इमारतीतली एक मुलगी तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला केळीवाल्याच्या गाडीपाशी दिसली. "भैया, नाम क्या है?" तिने खरंच विचारलं. त्याने सांगितलं. तिने हातातला फणा परत गाडीवर ठेवला आणि निघाली. त्याने हाक मारली नाही, भाव कमी केला नाही. फक्त तो फणा उचलून इतर फण्यांच्या रांगेत नीट लावला.

ही मुलगी वाईट नाही. लिफ्ट बंद असली की माझी पिशवी चौथ्या मजल्यापर्यंत वर आणून देते. आदल्या रात्री बातम्या बघून तिला झोप लागली नव्हती, हे तिनेच मला सांगितलं होतं. देवळात ती धीर मागायला आली होती. तिला माणूस दाखवून दिला गेला.

तिला मी काही बोलू शकले नाही, कारण मला २००६ आठवलं.

११ जुलै २००६ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक माहीमला. आवाज आम्ही घरात ऐकला. टायर फुटला असेल असं वाटलं. मग रस्त्यावरची धावपळ ऐकू आली. माझे यजमान रोज त्याच सुमाराच्या गाडीने चर्चगेटहून घरी यायचे. फोन लागत नव्हते. मी देवापुढे बसून रामरक्षा म्हणायला लागले. चारदा विसरले, चारदा पहिल्यापासून सुरुवात केली. रात्री साडेअकराला ते पायी चालत घरी आले. ऑफिसातून निघायला उशीर झाला म्हणून वाचले होते. रुळांशेजारच्या झोपड्यांतून माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली, चादरीची झोळी करून जखमींना उचलून नेलं, हे त्यांनीच मला सांगितलं. त्या संध्याकाळी कोणी कुणाचं नाव विचारलं नव्हतं. स्फोटानंतरचा पहिला तास माणसांचा असतो. भीती त्यानंतर, घरी पोहोचल्यावर, दार लावून घेतल्यावर येते.

पुढचे कित्येक आठवडे मी मंगळवारी सिद्धिविनायकाला चालत गेले, बुधवारी चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला, गुरुवारी दर्ग्याला. चर्चबाहेर मेणाच्या बाहुल्या मिळतात. एक पुरुषाची बाहुली घेऊन वाहिली. एवढी भाविक मी आयुष्यात कधी नव्हते.

ऑगस्टचा पहिला बुधवार. अंधेरीला बहिणीकडे गेले होते, दुपारच्या गाडीने परत येत होते, लेडीज डबा. सांताक्रूझला बुरखा घातलेली एक बाई चढली. तिच्याकडे चेन लावलेली मोठी निळी बॅग होती. ती तिने सीटखाली सरकवली. डब्यातलं बोलणं थांबलं. समोरची एक बाई दुसरीला म्हणाली, खारला उतरून दुसरा डबा पकडू. मी आधी पाय आत घेतले, मग उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. ती बाई हे सगळं बघत होती. तिने काही न बोलता बॅग ओढून मधे आणली, चेन उघडली आणि आतले शर्ट बाहेर काढायला लागली. बटणं नसलेले शर्ट. "काज-बटन का काम है दीदी," ती म्हणाली. एकेक शर्ट उलगडायची, झटकायची, मांडीवर ठेवायची, दुसरा घ्यायची. पंधरा-वीस तरी झाले असतील. शेवटी बॅग उलटी करून दाखवली. बटणांची एक पुडी पडली आणि फुटली. डब्यात कोणी "राहू दे बाई" म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

माहीम आलं तेव्हा ती वाकून बटणं वेचत होती. तिलाही तिथेच उतरायचं होतं. मी पुढे निघून गेले. बुधवार होता, म्हणून स्टेशनवरून तशीच चर्चमध्ये गेले आणि मेणबत्ती लावली.

त्या स्फोटांच्या खटल्यात १२ जणांना २०१५ साली विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयांचं न्यायालयं बघतील. शर्टांची बॅग घेतलेली ती बाई कुठल्याच आरोपपत्रात नव्हती. तिला शिक्षा आम्ही दिली, सांताक्रूझ ते माहीम.

विश्वस्तहो, माझा प्रश्न इथेच आहे. आठवड्यातले तीन दिवस देवाच्या दारात उभी राहणारी बाई चौथ्या माणसाशी असं वागू शकते. म्हणजे भीतीने माझी श्रद्धा वाढवली होती की फक्त माझ्या फेऱ्या वाढवल्या होत्या?

त्याच महिन्यात, १८ ऑगस्टला, माहीमचा समुद्र गोड झाल्याची बातमी उठली. रात्रीतून हजारो माणसं किनाऱ्यावर आली. बाटल्या, कळशा, तेलाचे रिकामे डबे, मिळेल ते घेऊन. मखदूमबाबांची करामत म्हणून लोक ते पाणी पीत होते, बाळांच्या ओठांना लावत होते. मिठी नदी आपल्याबरोबर काय काय घेऊन त्या खाडीत येते, हे प्रत्येक माहीमकराला ठाऊक आहे. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खाडीतून समुद्रावर पसरतो, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. हे पाणी पिऊ नका, असं महापालिकेने बजावलं. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी तरीही ती बाटली देव्हाऱ्यात ठेवली. त्यांचा मुलगा लोकलने नोकरीला जायचा. स्फोटांना तेव्हा ३८ दिवस झाले होते आणि २६ जुलैच्या पुराला जेमतेम वर्ष. त्या रात्री पाण्यात उभ्या असलेल्या लोकांना वेड्यात काढणारे लेख मी वाचले आणि मला फार वाईट वाटलं. ज्या गावाने एका वर्षात पाणी घरात शिरताना आणि गाडीचा डबा फाटताना पाहिला, त्याला समुद्र गोड झाला हे खरं मानावंसं वाटणार नाही का? आणि मला एक आठवतं, त्या रात्री किनाऱ्यावर टिकल्या होत्या, बुरखे होते, गळ्यातले क्रूस होते, आणि कोणी कुणाला बाजूला सर म्हणत नव्हतं.

भीतीतून देव आठवणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं माझं मत आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिअंड बेटांवरच्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय की शांत खाडीत मासेमारी करताना ते मंत्रतंत्राच्या वाटेला जात नसत, पण खुल्या समुद्रात उतरायचं म्हटलं की सगळे विधी करत. आपल्या माहीम कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी आत जात नाही, ते काही वेगळं नाही. २००६ सालीच, इकडे स्फोट झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, लेबनॉनचं युद्ध सुरू झालं. उत्तर इस्रायलमधल्या धार्मिक स्त्रियांचा पुढे अभ्यास झाला. ज्या रॉकेटच्या टप्प्यात घरीच राहिल्या होत्या, त्यांच्यातल्या स्तोत्रं म्हणणाऱ्या बायकांना चिंता कमी जाणवत होती. ज्या दुसरीकडे राहायला गेल्या आणि रोजच्या अडचणींना तोंड देत होत्या, त्यांच्या बाबतीत स्तोत्रांचा तसा फरक दिसला नाही. मला हे वाचून माझी रामरक्षा आठवली. जे आपल्या हातात नाही त्यासाठी प्रार्थना उपयोगी पडते. जे हातात आहे, म्हणजे बटणं वेचू लागणं, ते हातानेच करावं लागतं.

युगांडा, सिएरा लिओन आणि ताजिकिस्तान इथल्या युद्धं भोगलेल्या लोकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना युद्धाची झळ जास्त बसली, ते कित्येक वर्षांनंतरही धार्मिक मंडळांत आणि प्रार्थनेत जास्त सहभागी होताना दिसले. म्हणजे भीती ओसरते, पण भीतीने आणलेला माणूस तुमच्याकडेच राहतो. तुमची जबाबदारी त्या एका आठवड्यापुरती नाही.

हे मुंबईला नवं नाही. आपल्या भाषेत स्मॉलपॉक्स या जीवघेण्या रोगालाच "देवी" म्हणतात, यातच सगळं आलं. १९७५नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही, तरी शितळादेवीच्या पायावर बाळाला घालायला बायका आजही येतात. वांद्र्याच्या गल्ल्यांतले कितीतरी क्रूस १८९६च्या प्लेगच्या काळात उभे राहिले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दवाखान्यात नेऊन माणसं मारतात या समजापायी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. भीती एकच, गाव एकच. एका गल्लीत तिने क्रूस उभारला, दुसरीकडे दगड उचलला. मधल्या माणसाने काय सांगितलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

जानेवारी १९९३ मी विसरणार नाही. समुद्रातून हत्यारबंद माणसं उतरणार अशी अफवा होती. किनाऱ्यालगतचे लोक रात्रभर जागत, गाड्यांचे दिवे समुद्राकडे रोखून. आमचे यजमान हॉकी स्टिक घेऊन गच्चीवर जायचे. त्यांना ती नीट धरताही येत नव्हती. त्या दिवसांत मी एका महाआरतीला गेले. आज कबूल करते की दहा दिवसांत पहिल्यांदा मला तिथे सुरक्षित वाटलं. एवढ्या माणसांच्या टाळ्यांमध्ये माझी भीती विरघळून गेली. ती कुठे गेली हे मला पुढे कळलं. महाआरत्यांहून परतणाऱ्या जमावांनी दुकानं लुटली, जाळपोळ केली, असं त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत बाहेरून कडी लावून झोपलेल्या हिंदू कुटुंबाला जाळलं, तेही त्याच दिवसांत. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं गेली. त्यातले ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. प्रत्येक बाजूचा जमाव हेच म्हणत होता की आम्ही घाबरलो होतो. आणि मला वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मला भीतीची भीती वाटते.

दोन महिन्यांनी, १२ मार्चच्या शुक्रवारी, बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्याच दिवशी दूरदर्शनवर जी ठिकाणं सांगितली, त्यांत मस्जिद बंदरचं नाव होतं. मुस्लिम वस्तीतही स्फोट झाला असं वाटावं म्हणून ते मुद्दाम घातलं, असं पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं. सरकारने लोकांशी खोटं बोलावं हे शिक्षिका म्हणून मला अजूनही पटत नाही. पण त्या माणसाला एवढं कळलं होतं की पहिल्या काही तासांत लोकांच्या मनात शत्रूचा नकाशा तयार होतो आणि तो पुसायला मग वर्षं लागतात. जानेवारीनंतर मार्चमध्ये शहर पुन्हा पेटलं नाही. तुम्हाला खोटं बोलायची गरजच नाही. तुमच्याकडे माइक आहे, आणि लोक तुमचं ऐकतात.

ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांचंही बोलते. ९३ साली आमच्या मागच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने दारावरची नावाची पाटी काढली. खिळ्यांची चार भोकं वर्षानुवर्षं तशीच होती. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या मुस्लिम संस्थांनी त्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला, आणि त्या वर्षीच्या बकरी ईदला अनेकांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. तेव्हा पेपरात सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानेही फीत बांधली होती. मी शाबासकी दिली, तर तो म्हणाला, "बाई, दुःख तर होतंच. पण नुसतं दुःख असतं तर फीत बांधावी लागली नसती." दहशत दोन्हीकडे काम करते. कुणाच्या श्रद्धेला ती धार लावते, तर कुणाला आपली श्रद्धा रोज दारात उभी करून तपासून द्यावी लागते.

आणि भीतीला हिशेब येत नाही, हेही तुमच्या माइकवरून कोणीतरी सांगायला हवं. मुंबईच्या लोकलमार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. आपण तरीही रूळ ओलांडतो. बुरख्यातल्या बाईच्या बॅगेला मात्र घाबरतो.

आता मागणं. काही घडलं की पहिल्या रात्री तुमच्या घोषणेत फक्त खात्रीची माहिती असू द्या, आणि ती स्थानिक पोलीस ठाण्यातून विचारून घेतलेली असू द्या. २६/११ला सीएसटीवर विष्णू झेंडे यांनी उद्घोषणा कक्षातून प्रवाशांना कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते सांगत राहून कितीतरी जीव वाचवले. माइकने एवढं होतं. त्या रात्री दार उघडं ठेवा, सगळ्यांसाठी, आणि तसं बाहेर लिहा. गेलेल्यांची नावं वाचा, मारणाऱ्यांच्या धर्माची चर्चा तुमच्या आवारात नको. भीतीवर तोडगे विकू नका. आपल्या राज्यात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अलौकिक शक्तीचा धाक दाखवून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे. पण मी कायद्याचा धाक दाखवायला आलेले नाही. साध्या ताईतापासून हजारो रुपयांच्या शांतीपर्यंत, मोठ्या घटनेनंतर काय काय विकलं जातं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

असं घडू शकतं, याला पुरावा आहे. भिवंडी १९८४ साली दंगलीत जळाली होती. तिथे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्हीकडच्या साध्या माणसांना दर काही दिवसांनी एका खोलीत बसवलं, आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या झाल्या. माहीमच्या उरुसात पहिली चादर पोलिसांची असते, ती रीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. कोरोनात बडा कब्रस्तानशी जोडलेल्या मुस्लिम स्वयंसेवकांनी हिंदू मृतांचेही अंत्यसंस्कार केले, जेव्हा सख्खे नातेवाईक स्मशानात यायला धजावत नव्हते. ओळख आधीची असली की भीतीच्या रात्री ती कामाला येते. त्या रात्री ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

गणपतीच्या आधी प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडप, मिरवणुकीचा रस्ता, लाउडस्पीकरची वेळ, एवढं बोलून, चहा पिऊन सगळे घरी जातात. या वर्षी त्या यादीत आणखी एक मुद्दा घाला: काही घडलं तर पहिल्या रात्री आपल्यापैकी कोण कुणाला फोन करील. चार प्रार्थनास्थळं, चार नंबर, एका कागदावर लिहून तो कार्यालयाच्या भिंतीवर लावा. आमच्या भागातल्या बैठकीला मी येणार आहे. त्या मुलीलाही घेऊन येईन म्हणते. केळीवाला आठवडाभर दिसला नाही, म्हणून परवा तिनेच मला विचारलं, तो कुठे गेला असेल हो काकू?

आपली,
माहीमची एक रहिवासी
निवृत्त शिक्षिका